शेवटच्या शंभर मीटरमध्ये आवळणारी धावपटू : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

या प्रकरणातली धावपटू वीस वर्षांची, ४०० मीटर धावणारी. आधी ती १०० आणि २०० मीटर पळायची. अंगात वेग होता आणि मेहनतीला ती कधी कंटाळत नसे, म्हणून अठराव्या वर्षी प्रशिक्षकांनी तिला ४०० कडे वळवलं. पहिल्या वर्षी वेळ झपाट्याने उतरली आणि ५७.८ सेकंदांवर येऊन थांबली. त्यानंतरचा अख्खा हंगाम तिथेच गेला. सरावातल्या नोंदी मात्र सुधारत होत्या. ३०० मीटरच्या धावा आधीपेक्षा जलद होत्या, जिममधले आकडे वर गेले होते, दुखापत नव्हती, आजारपण नव्हतं. सराव पाहून कुणीही म्हणालं असतं की ही ५७ च्या आत यायला हवी. शर्यतीत ते होत नव्हतं.

मी या संघात शारीरिक तयारीची बाजू सांभाळते. मुख्य प्रशिक्षकांनी तिचा विषय माझ्याकडे काढला तेव्हा त्यांचा प्रश्न एवढाच होता : "शेवटच्या शंभरात हिचं नेमकं होतं काय?" पुढे जे घडलं ते इथे मांडलं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अडचण

तिच्या सर्वोत्तम शर्यतीचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे असे होते : १३.८, १३.५, १४.५ आणि १६.०. पहिला निम्मा भाग २७.३ सेकंदांत, दुसरा ३०.५ सेकंदांत.

चारशे मीटरमध्ये शेवटी वेग पडतोच. जगातले सर्वोत्तम धावपटूही अखेरच्या शंभर मीटरमध्ये मंदावतात. कुणीतरी मागून मुसंडी मारून पुढे गेला असं प्रेक्षकांना वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा तो इतरांपेक्षा कमी मंदावलेला असतो. त्यामुळे वेग पडला यात नवल नव्हतं. तिसऱ्या शंभरापासून चौथ्या शंभरापर्यंत एकदम दीड सेकंद गेला, हे खटकत होतं.

चित्रफिती संथ करून पाहिल्या. सुमारे २८० मीटरपर्यंत धाव सुरेख होती. वळण संपत आलं की सगळं एका क्रमाने बदलायचं. आधी जबडा घट्ट व्हायचा आणि गळ्यावरच्या शिरा ताठ उभ्या राहायच्या. मग खांदे कानांकडे चढायचे. खांदे चढले की कोपर मागे जाईनासे व्हायचे आणि हात छातीसमोर आडवे फिरू लागायचे. त्यानंतर पाचसहा पावलांतच गुडघा खाली यायचा, पाऊल आखडायचं आणि डोकं मागे पडायचं. बोटं तर अशी वळलेली असायची की अंगठा मुठीच्या आत. शर्यतीनंतर प्रशिक्षकांनी एकदा तिला हात उलटे करायला सांगितले. दोन्ही तळव्यांवर नखांचे लालसर अर्धगोल उमटले होते. तिने ते त्याआधी कधी पाहिलेच नव्हते.

ही धाव पाहणाऱ्यांना आवडायची, हेही नोंदवायला हवं. दातओठ खाऊन पळते, जीव तोडते, असं कौतुक तिने लहानपणापासून ऐकलं होतं. चेहरा वाकडा होईपर्यंत पळणं म्हणजे प्रामाणिकपणा, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं होतं. तिच्या अडचणीचं मूळ शोधताना ही गोष्ट आम्हाला बरीच उशिरा लक्षात आली.

आवळल्याने वेग का जातो

सांध्याच्या एका बाजूचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा समोरच्या बाजूच्या स्नायूने वाट द्यावी लागते. मज्जासंस्थेत ही सोय मुळातच आहे. चार्ल्स शेरिंग्टन यांनी तिचा सविस्तर अभ्यास केला. मज्जापेशींवरच्या कामासाठी त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. पण भीती, घाई, अतिप्रयत्न किंवा नवखेपणा आला की दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात. सांधा ताठ होतो, ऊर्जा खर्च होते आणि हालचाल मात्र तेवढी होत नाही. नवी हालचाल शिकणारा माणूस अवयव ताठ धरून ठेवतो आणि कौशल्य मुरेल तसे ते मोकळे सोडत जातो, हे निकोलाय बर्नस्टाईन या रशियन शास्त्रज्ञाचं निरीक्षण आज बहुतेक प्रशिक्षकांना ठाऊक असतं.

दुसरी बाब स्नायूच्या आतली. आकुंचन सुरू होतं ते कॅल्शियम मोकळं झाल्याने. आकुंचन संपायचं तर ते कॅल्शियम पुन्हा आपल्या साठ्यात ओढून घ्यावं लागतं आणि त्यालाही ऊर्जा लागते. म्हणजे स्नायू सैल होणं हेसुद्धा स्नायूचं काम आहे आणि थकव्यात ते मंदावतं. जोरात पळताना सेकंदाला साधारण चार पावलं पडतात, म्हणजे एका पायाचं पूर्ण चक्र अर्ध्या सेकंदात उरकतं. मांडीच्या मागचा स्नायू वेळेवर सुटला नाही, तर मांडी पुढे उचलणाऱ्या स्नायूला त्याच्याशी झगडत ती उचलावी लागते. चारशेच्या अखेरीस सैल होण्याचा वेग आधीच उतरलेला असतो. त्यावर धावपटूने स्वतःहून आणखी आवळलं तर दुहेरी मार बसतो.

हाताची मूठ आणि जबडा यांचा पायांशी काय संबंध, हा प्रश्न तिनेही विचारला होता. संबंध आहे. गुडघ्यावर हातोडी मारून प्रतिक्षिप्त झटका तपासताना तो नीट आला नाही, तर डॉक्टर रुग्णाला दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून ओढायला सांगतात किंवा दात आवळायला सांगतात. मग पाय जोराने उडतो. एर्नो येंड्रासिक या हंगेरियन डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकात दाखवलेली ही युक्ती आजही वापरात आहे. वरचा ताण खाली पोहोचतो, याचं याहून सोपं प्रात्यक्षिक मला माहीत नाही. एखाद्या क्षणाच्या झटक्यासाठी, वजन उचलण्यासाठी किंवा गोळा फेकण्यासाठी असा ताण उपयोगीही पडू शकतो. पण ज्या खेळात प्रत्येक अर्ध्या सेकंदाला आवळायचं आणि सोडायचं असतं, तिथे सतत चालू राहिलेला ताण घात करतो.

पहिला निर्णय : दम कमी की ताण जास्त?

मुख्य प्रशिक्षकांचा कल दमाकडे होता आणि त्याला आधार होता. ४०० मीटरमध्ये एकूण ऊर्जेचा मोठा वाटा, अंदाजे चाळीस टक्के, प्राणवायूच्या मार्गाने येतो. धावपटू पूर्वी छोट्या अंतराची असेल तर ही बाजू कच्ची असण्याची शक्यता दाट. शिवाय थकलेला माणूस आवळतोच. मग तिचं आवळणं हे थकव्याचं कारण होतं की परिणाम? शर्यतीच्या चित्रफितीवरून हे सांगता येत नाही, कारण तिथे दोन्ही एकाच वेळी हजर असतात.

म्हणून थकवा बाजूला काढून पाहायचं ठरलं. पूर्ण विश्रांतीनंतर, ताज्या पायांनी तिला १५० मीटर पळवलं. आधी एकटीला. धाव मोकळी आली. मग बाहेरच्या लेनमध्ये तिच्या तोडीची सोबतीण ठेवली आणि ती काही मीटर मागून निघेल अशी व्यवस्था केली. सोबतीणीची पावलं जवळ ऐकू येताच जबडा, खांदे, मूठ, तोच क्रम. पाय ताजे होते, दम भरपूर होता, तरीही.

त्याने बराच उलगडा झाला. बाहेरच्या लेनचं वळण लांब असतं, म्हणून चारशेची सुरुवात मागेपुढे उभं राहून होते आणि कोण कुठे आहे हे वळण संपेपर्यंत नीट कळत नाही. सरळ पट्टीच्या तोंडाशी सगळ्या एका रेषेत येतात. तिचं आवळणं नेमकं तिथेच सुरू व्हायचं, कारण तिथे पहिल्यांदा इतर मुली तिच्या कानाशी आणि डोळ्यांच्या कोपऱ्यात येत. थकवा त्यात भर घालत होता, पण ठिणगी पडत होती ती प्रतिस्पर्ध्यांमुळे.

दुसरी चाचणी जुनी आहे. अमेरिकेतल्या सॅन होजे स्टेटचे प्रशिक्षक बड विंटर यांनी दुसऱ्या महायुद्धात नौदलाच्या वैमानिकांना शरीर सैल सोडायला शिकवलं होतं आणि तेच पुढे धावपटूंकडे आणलं. त्यांचं म्हणणं असं की सगळा जोर लावण्यापेक्षा नव्वद टक्के जोर लावणारा धावपटू बऱ्याचदा जास्त वेगाने पळतो, कारण शेवटचे दहा टक्के नको त्या स्नायूंत जातात. त्यांच्याच शिष्यांपैकी टॉमी स्मिथ यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २०० मीटर १९.८३ सेकंदांत आणि ली इव्हान्स यांनी ४०० मीटर ४३.८६ सेकंदांत जिंकली. दोन्ही तेव्हाचे विश्वविक्रम. मेक्सिको सिटीची उंची, विरळ हवा आणि त्यांची असामान्य कुवत हेही त्यात होतंच, त्यामुळे सगळं श्रेय एका पद्धतीला देण्यात अर्थ नाही. पण चाचणी म्हणून ती कल्पना उत्तम आहे.

टायमिंग गेट, म्हणजे धावपटू पार होताच वेळ टिपणारी यंत्रं, लावून तिला ६० मीटरच्या फेऱ्या दिल्या, आधीच वेग घेऊन सुरू होणाऱ्या. काही "सगळं लाव" म्हणून, काही "थोडं राखून" म्हणून, क्रम उलटसुलट. वेळ तिला सांगितली नाही. राखून पळालेल्या फेऱ्या सगळं लावलेल्या फेऱ्यांच्या बरोबरीने आल्या, काही किंचित सरसही. आकडे दाखवल्यावर ती प्रशिक्षकांना म्हणाली, "सर, पण त्या मला हळू वाटल्या होत्या." या एका वाक्याने पुढच्या कामाची दिशा ठरली. तिला ताण म्हणजे वेग वाटत होता. ताण गेला की वेग गेल्याचा भास व्हायचा आणि ती तो परत आणायची.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय दमाचा सराव वाढवण्याचा. तो पूर्ण नाकारला नाही, पण चाचण्यांनंतर त्याला मुख्य उपाय मानणं अवघड झालं. थकव्यात आवळणाऱ्या मुलीला आणखी थकवलं तर ती आवळण्याचाच सराव करेल, ही भीती होती. आधीच्या हंगामात बहुधा तेच झालं होतं.

दुसरा पर्याय पहिला निम्मा भाग मुद्दाम सावकाश काढण्याचा. प्रशिक्षकांनी तो पूर्वी करून पाहिला होता. शेवट थोडा सुधारला, पण एकूण वेळ तीच राहिली.

तिसरा, मालिश आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम (स्ट्रेचिंग). खेळाडू आणि पालकांना हा पर्याय चटकन पटतो, कारण अंग आखडलं आहे तर मोकळं करून घ्या. मानेला आणि खांद्यांना मालिशीने आराम मिळतही होता. पण टेबलावर पडलेल्या स्नायूची स्थिती वेगळी आणि मज्जासंस्थेने ऐन धावेत दिलेला आवळण्याचा हुकूम वेगळा. मालिशीनंतर तासाभराने ती तशीच पळायची.

चौथा, क्रीडा मानसतज्ज्ञांकडे पाठवणं. शर्यतीची भीती, हरण्याची लाज असं काही खोलवर आहे का, हे तपासणं योग्यच होतं. दोन भेटी झाल्या. तज्ज्ञांचं मत असं की तिची काळजी नेहमीच्या मर्यादेत आहे, पण स्पर्धेच्या क्षणी शरीर काय करतं याचं भान तिला नाही आणि ते मैदानावरच आणावं लागेल. हा सल्ला मोलाचा ठरला.

पाचवा पर्याय सैल सोडण्याचं कौशल्य स्वतंत्रपणे शिकवण्याचा, स्टार्ट किंवा बॅटन बदल शिकवतात तसा. तो स्वीकारला. दमाचा सराव आहे तेवढाच ठेवला आणि त्यातला काही भाग बदलला.

काय केलं

सुरुवात झोपून केली. शिकागोचे डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२० च्या दशकात विकसित केलेली पद्धत अनेकांना माहीत असते : एकेक स्नायूगट काही सेकंद आवळायचा, मग एकदम सोडायचा आणि दोन्हींतला फरक न्याहाळायचा. सुरुवातीला जबडा सोडायला सांगितल्यावर तिला तो आवळलेला आहे हेच कळायचं नाही. खालच्या आणि वरच्या दातांमध्ये फट ठेवून ओठ मिटायला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की आपण दिवसभर दात टेकवूनच असतो. काही आठवड्यांत ती झोपल्या झोपल्या दोन मिनिटांत संपूर्ण सैल व्हायला शिकली.

मैदानावर मात्र काहीच बदललं नाही. सोबतीण जवळ आली की पुन्हा खांदे कानांकडे.

इथे दुसरा मोठा निर्णय आला. प्रशिक्षकांचं मत झालं की हा नाद सोडावा, कारण वेळ जातोय आणि हंगाम जवळ येतोय. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण आडवं पडून सैल होणं आणि पळताना सैल होणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत, पहिलं फक्त ओळख करून देतं, असं मी मांडलं. झोपण्याचा भाग घरी, झोपेपूर्वी ठेवायचा आणि मैदानावरचा सगळा वेळ हालचालीला द्यायचा, असं ठरलं.

मग उभं राहून, चालताना, हलकं पळताना आणि मग स्ट्राइड्समध्ये, म्हणजे छोट्या अंतराच्या मोकळ्या, वेगवान धावांमध्ये, असा जिना बांधला. चालताना मूठ आवळायची, खांदे वर घ्यायचे, दहा पावलं तसंच चालायचं आणि सोडायचं. हलक्या धावेत तेच. मुद्दाम आवळून पळायला लावण्याचा फायदा असा की आवळणं तिच्या हातात आलं. जे हुकमाने सुरू करता येतं ते हुकमाने बंदही करता येतं, आणि तोपर्यंत ते तिच्या नकळत होत होतं.

हातांसाठी साधी युक्ती वापरली. अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये एकेक वाळलेलं पान धरून १०० मीटर पळायचं. पान पडताही कामा नये, चुरताही कामा नये. पहिल्या दिवशी ६० मीटरच्या पुढे एकही पान शाबूत राहिलं नाही. भुगा तळहाताला चिकटलेला पाहून ती थक्क झाली. सूचनांनी जे तिला पटत नव्हतं ते तिथे डोळ्यांना दिसत होतं.

सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो फ्लोटच्या सरावाचा. १२० मीटरमध्ये ३० मीटर जोर, ३० मीटर फ्लोट, पुन्हा ३० जोर, पुन्हा ३० फ्लोट. फ्लोट म्हणजे ब्रेक लावणं नाही. मिळवलेला वेग तसाच ठेवून वरचा जोर काढून घ्यायचा. टायमिंग गेट प्रत्येक तुकड्यावर ठेवले होते, त्यामुळे फ्लोटमध्ये वेग किती कमी पडतो हे तिला लगेच दिसायचं. सुरुवातीला ती फ्लोट म्हटलं की मंदावायची. हळूहळू दोन तुकड्यांतलं अंतर इतकं घटलं की बाहेरून पाहणाऱ्याला जोर कुठे संपला ते सांगता येईना. आपल्याला हळू वाटणारी धाव खरंच हळू नसते, हे तिचं शरीर इथे शिकलं.

सूचनांचंही बदललं. आधी प्रशिक्षक सरळ पट्टीच्या तोंडाशी उभे राहून ओरडायचे, "अगं, सैल सोड! खांदे खाली! मान!" तीन सूचना, त्याही ओरडून, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा तिच्याहून आवळलेला. शरीराच्या भागाकडे लक्ष वेधलं की सरावलेली हालचाल बऱ्याचदा अडखळते. हालचालीच्या बाहेरच्या परिणामाकडे लक्ष दिलं तर ती नीट होते, असं हालचाल शिकण्यावरच्या अनेक अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून "खांदे खाली" ऐवजी "हात मागच्या खिशाकडे" असं ठरलं. कोपर मागे गेला की खांदा आपोआप उतरतो. आणि ओरडायचं नाही, नेहमीच्या आवाजात एकदाच म्हणायचं. शर्यतीत तेही नाही. तिने स्वतःसाठी एक खूण निवडली : वळण संपताना तोंडाने एक लांब श्वास सोडायचा. श्वास सोडताना दात आवळून ठेवणं कठीण जातं, म्हणून ही खूण जबड्यालाही पुरली.

शेवटच्या टप्प्यात थकवा आणि सोबत दोन्ही परत आणले. ३०० मीटर पळून थोड्या विश्रांतीनंतर १०० मीटर, सोबतीण मागून येणारी, कधी पुढे जाणारी. इथे नियम कडक होता : आवळली की धाव तिथेच थांबवायची. चुकीच्या पद्धतीने अंतर पूर्ण करायचं नाही. जीव तोडण्याची सवय असलेल्या मुलीला मध्येच थांबवणं हे या संपूर्ण कामातलं सर्वांत अवघड गेलं. ती चिडायची, एकदा रडलीही.

पहिली शर्यत आणि तिसरा निर्णय

हंगामातली पहिली शर्यत ५८.६ सेकंद. तुकडे १४.५, १४.३, १४.६, १५.२. शेवट आजवरचा सर्वांत चांगला, चेहरा शांत, हात मोकळे, आणि वेळ आधीच्यापेक्षा वाईट.

चित्रफितीत कारण स्पष्ट होतं. ती सुरुवातीपासूनच सैल होती. सुरुवातीच्या ब्लॉकमधून उठताना अंगात धार नव्हती, पाऊल जमिनीवर पडताना घोटा खचत होता, पोट-पाठ ढिली होती. सैल सोडण्याच्या नादात तिने लागणारा ताणही सोडून दिला होता. पाय जमिनीला टेकतो तो जेमतेम सेकंदाच्या दहाव्या भागापुरता, आणि तेवढ्यात घोटा ताठ नसेल तर जमिनीकडून मिळणारी उसळी वाया जाते. धडही स्थिर हवं, नाहीतर पायांचा जोर तिथेच मुरतो.

त्या संध्याकाळी संघात दोन मतं होती. एक, जुन्या पद्धतीवर परत जावं. दुसरं, पुढे जावं पण कुठे ताण हवा हेही तितक्याच स्पष्टपणे शिकवावं. ती स्वतः म्हणाली, "शेवटी मला अजून पळता आलं असतं. असं याआधी कधीच वाटलं नव्हतं." तिच्या या बोलण्यावर प्रशिक्षकांनी निर्णय घेतला की पुढे जायचं.

त्यानंतर धावेचे भाग ठरवून दिले. पहिले चाळीस मीटर पूर्ण जोर, त्यात सैलपणाचा विचारही नाही. मग वेग धरून ठेवायचा. वळण संपताना लांब श्वास आणि तिथून हात मागे. सरावात घोट्यांसाठी छोट्या उड्या आणि दोरीवरच्या उड्या वाढवल्या. चेहरा, हात, खांदे मोकळे, घोटे आणि धड घट्ट, हा फरक तिला उड्या मारताना चटकन समजला. वर्णन करून तो इतक्या लवकर समजला नसता.

निष्पत्ती

पुढच्या काही शर्यतींत वेळ उतरत गेली आणि हंगामाच्या मध्यावर ५६.९ लागली. तुकडे १३.९, १३.६, १४.३, १५.१. पहिला निम्मा भाग तिच्या जुन्या सर्वोत्तम शर्यतीपेक्षा थोडा सावकाश, दुसरा एक सेकंदाहून जास्त जलद. तळव्यांवर खुणा नव्हत्या. शर्यतीनंतर सावरायलाही कमी वेळ लागला, असं तिचं म्हणणं.

हंगामातली सर्वांत मोठी अंतिम फेरी मात्र ५७.४ मध्ये झाली. पहिले दोनशे तिने २७.० मध्ये काढले, चारशेच्या शर्यतीतले तिचे आजवरचे सर्वांत जलद. सरळ पट्टीच्या तोंडाशी दोघी तिच्या दोन्ही बाजूंनी पुढे सरकल्या आणि जुना क्रम परत आला : जबडा, खांदे, मूठ. फरक इतकाच की साधारण पन्नास मीटरनंतर तिला ते कळलं आणि शेवटच्या टप्प्यात तिने हात पुन्हा मोकळे केले. चित्रफितीत ते दिसतं.

या सुधारणेचं सगळं श्रेय या एका कामाला देता येणार नाही. ती वर्षाने मोठी झाली होती, चारशेचा अनुभव वाढला होता, घोट्यांचा सराव नवा होता. स्नायूंची विद्युत मोजणी आमच्याकडे नव्हती, त्यामुळे ताण किती घटला याचा आकडा नाही; आहे ते चित्रफिती, तुकड्यांच्या वेळा आणि तिचं स्वतःचं सांगणं. तरी शेवटच्या शंभरातला बदल आणि शरीराच्या ठेवणीतला बदल शर्यतीमागून शर्यत हातात हात घालून आला, एवढं ठामपणे म्हणता येतं.

काय वेगळं करता आलं असतं

ताज्या पायांची, सोबतीणीसह केलेली ती १५० मीटरची चाचणी एका हंगामाआधी करता आली असती. तिला कुठलंही महागडं साधन लागत नाही, फक्त कॅमेरा आणि दुसरी धावपटू लागते. दम की ताण हा वाद तोपर्यंत नुसताच बोलण्यात चालला होता.

झोपून सैल होण्यावर गेलेला वेळ निम्मा चालला असता. ओळख व्हायला तो आवश्यक आहे, पण आवळणं ओळखता आलं की त्याच आठवड्यात उभं करून चालवायला हवं.

लागणारा ताण आणि नको असलेला ताण हे दोन्ही पहिल्याच दिवशी एकत्र शिकवायला हवे होते. फक्त "सोड" एवढंच शिकवलं की खेळाडू सगळंच सोडतो आणि पहिल्या अपयशानंतर पद्धतच टाकून देण्याची वेळ येते. इथे तसं झालं नाही ते तिच्या त्या एका वाक्यामुळे. दुसरी एखादी गप्प राहिली असती.

कौतुकाचा मुद्दा मला अजूनही सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मैदानावर ज्या चेहऱ्याला टाळ्या मिळतात तो चेहरा खेळाडू जपतो. सोबतच्या मुलींना आणि घरच्यांना हे काम काय आहे ते आधीच सांगितलं असतं, तर पहिल्या शर्यतीनंतर "आज जीव लावला नाहीस का?" हा प्रश्न तिला ऐकावा लागला नसता. तो तिला घरी ऐकावा लागला आणि पुढचा आठवडाभर ती सरावात पुन्हा आवळून पळत होती.

अंतिम फेरीचा प्रश्न उघडाच आहे. दोन्ही बाजूंनी मागे पडण्याचा अनुभव सरावात दिला गेला नव्हता; सोबतीण नेहमी एकच असायची. येत्या हंगामासाठी दोन जोडीदारिणी ठेवून, एकीला मुद्दाम दहा मीटर पुढून सोडून सराव सुरू झाला आहे. प्रशिक्षक आता ४०० मीटरच्या प्रत्येक नव्या मुलीची पहिल्या आठवड्यात सोबतीणीबरोबर चित्रफीत घेतात आणि धाव संपल्यावर हात उलटे करायला सांगतात.